‘दोनच किलो आहे रे!’

हिमालयातल्या मोहिमेच्या सामानाची यादी बंद झाली, हमालांचे भार बांधायला घेतले, की हे वाक्य कुठून तरी येतंच. दोनच किलो आहे रे! जादा लेन्स, जादा बूट, घडीची खुर्ची. 8 जणांचे 2-2 किलो म्हणजे 16 किलो, म्हणजे आख्खा एक हमाल. वर 1 किलो शिल्लक, तो कुणाच्या गळ्यात मारायचा ते तुम्हीच ठरवा.

कसा म्हणे एक हमाल? गाडीरस्ता संपल्यापासून बेसकॅम्प 7 दिवसांवर आहे असं धरा. हमाल 25 किलो उचलतो, कबूल. पण तो हवा खाऊन चालत नाही! जायला 7 दिवस, रिकाम्या पाठीने परतायला 4, रोजचं कोरडं रेशन 900 ग्रॅमच्या आसपास. झाले 10 किलो. वाटेत ना गाव, ना दुकान, म्हणजे हा शिधाही पाठीवरच. तुमच्या सामानाला उरले 15. 600 किलोला 24 हमाल असं कागदावर लिहून मोकळं होणाऱ्यांनो, लागतात 40! शिधा संपेल तसे काहींना मधूनच माघारी धाडलं तर आकडा थोडा उतरतो, पण 24वर? स्वप्नात. खेचरांचं नाव काढू नका, मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, दगडधोंड्यांत ती पाय घालत नाहीत.

आणि खुर्ची नेणारे हेच महाभाग गॅसला कंजूष! वरच्या कॅम्पला प्यायचा प्रत्येक घोट बर्फ वितळवून. माणशी दिवसाला 150 ते 200 ग्रॅम गॅस धरावाच लागतो. 4 जण, 6 रात्री, म्हणजे 230 ग्रॅमचे 16 ते 21 डबे. यादीत असतात 8. त्यातही स्वस्तात मिळाले म्हणून नुसत्या ब्यूटेनचे. समुद्रसपाटीला ब्यूटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, त्याखाली द्रवच राहतो. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून थोडी सवलत मिळते, पण उणे 20च्या पहाटे डबा हलवला तर आत गॅस खळखळतोय आणि बर्नरवर ज्योत मेणबत्तीएवढी. कडाक्याच्या थंडीतही वायू होणारा प्रोपेन मिसळलेलाच घ्या. तोही अर्ध्यानंतर मंदावतो, कारण प्रोपेन आधी उडून जातो. हे डबे विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या, हेही दरवेळी विमानतळावरच कळायला हवं का?

रॉकेलचा कॅन दूध पावडरीच्या पोत्यात कोंबणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

साधा स्प्रिंगचा काटा घरूनच वापरा, प्रत्येक भारावर नंबर आणि वजन मार्करने लिहा. नाहीतर रस्ता संपतो तिथे हमाल पोतं एका हाताने जरा उचलून बघतो आणि काही न बोलता खाली ठेवतो. 31 किलो. गाडी परत गेलेली, दिवस निम्मा गेलेला, आणि सगळे रस्त्यावर बसून पोती उसवतायत. पहिल्याच पोत्यात वर काय? खुर्ची.