एका टोकाचा सप्लाय पुरत नाही
दिवाळीच्या रोषणाईवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, की पाच मीटरच्या एलईडी पट्टीला एका टोकाला पॉवर सप्लाय जोडला की झालं. हे पटलं नाही. नवख्या माणसाचे पैसे नेमके इथेच वाया जातात. सिडकोतल्या आमच्या गॅलरीला गेल्या दिवाळीत मी ५ व्होल्टची, ३०० दिव्यांची डब्ल्यूएस २८१२बी पट्टी (हिच्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो) लावली. पांढरा रंग दिला की पहिला मीटरभर लख्ख, पुढे पिवळट आणि तुळशीकडचं टोक चक्क तांबूस! पट्टीच खराब म्हणून परत करायला निघालो होतो. पण एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे ३०० दिव्यांचे १८ अँपिअर. एवढा करंट पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्टेज पडतं आणि निळा-हिरवा आधी मंदावतो.

त्याच सप्लायवरून जाड वायर दुसऱ्या टोकालाही नेली, पट्टी चालवणाऱ्या डब्ल्यूएलईडी या सॉफ्टवेअरमध्ये करंटची मर्यादा घातली, आणि पट्टी एकसारखी उजळली. खर्च फक्त वायरचा. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर आणि रोषणाई आखायचं, मोफत मिळणारं एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर वापरण्याचा लेखातला सल्ला मात्र अगदी योग्य आहे. लेखात एवढी दुरुस्ती कराच, दिवाळी तोंडावर आली आहे.