खुलासा : ‘दिवाळीनंतर अ‍ॅरम जमिनीलगत छाटा’ हा माझा मेसेज चुकीचा आहे

मागच्या महिन्यात मी नागपूरच्या आमच्या बागप्रेमी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘थंड प्रदेशात शोभेचा अ‍ॅरम असेल तर दिवाळीनंतर सगळी पानं कापून टाका.’ (अ‍ॅरम म्हणजे अळूच्या कुळातलं, कंदापासून उगवणारं शोभेचं रोप.) तो मेसेज आता परदेशातल्या नातेवाइकांपर्यंत पोचलाय. चूक माझीच आहे.

मी आपल्या सुरणावरून अंदाज बांधला. सुरण त्याच कुळातला. पावसाळ्यात वाढतो, थंडी आली की पानं पिवळी पडून कंद झोपतो. अ‍ॅरम इटालिकमचं (म्हणजे याच शोभेच्या अ‍ॅरमचं) अगदी उलट! इंग्लंडमधल्या माझ्या बहिणीच्या बागेत त्याची पांढऱ्या शिरांची पानं शरद ऋतूत उगवतात आणि बर्फातही हिरवी राहतात. तिने फोटो पाठवले तेव्हा लक्षात आलं. हीच पानं कंदासाठी अन्न तयार करतात, ती हिवाळ्यात कापली तर कंद उपाशी राहतो.

वसंतात फूल येतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानं आपसूक पिवळी पडून लोळतात, तेव्हाच ती बुडाशी काढायची. मधे एखादं फाटलेलं, सडलेलं पान काढलं तर चालतं. नंतर नुसत्या दांड्यावर नारिंगी-लाल फळं उरतात. ती विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील किंवा रोप पसरायला नको असेल, तर फळं पिकण्याआधीच दांडा कापा. हातमोजे घालाच, कारण अळूसारखाच याचाही रस खाजतो.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्या, विशेषतः ज्यांच्याकडे आत्ता हिवाळा आहे त्यांना.