घर विकायचंय? आधी टँकर बोलवा

लातुरात घर विकायला काढलंय म्हणता? आणि गिऱ्हाईक येतं, चहा पितं, 'घरी विचारून कळवतो' म्हणतं आणि गायब होतं? चूक तुमचीच. तुम्ही घर आहे तसं दाखवता. असं कुठं घर विकत असतंय का? गेल्या महिन्यात मी स्वतः घर घ्यायला फिरत होतो. पोरीचा नीटचा क्लास, खोलीचं भाडं ऐकूनच घाम फुटला, म्हटलं फंडातले पैसे काढू आणि आपलंच काहीतरी घेऊ. त्या फिरण्यात या विद्येतली पोहोचलेली माणसं बघितली. त्यांच्याकडून शिकलेलं तुम्हाला फुकटात सांगतो.

ओल आलेल्या भिंतीला पुट्टी मारा, वर पिस्ता रंग द्या आणि गिऱ्हाईक मे महिन्यात बोलवा. जुलैत घर दाखवणारा येडा. तरीही पोपडे सुटलेच तर तिथं बालाजीची तसबीर लावा, मोठ्यातली मोठी. देव सरकवून मागं कोण बघतंय?

भिंतीला तडा असेल तर तो '93 चा' म्हणून सांगा. 'किल्लारीच्या भूकंपात एवढाच गेला सर, बाकी घर हाललं नाही.' मला दाखवलेलं घर 2011 साली बांधलेलं होतं. तडा मात्र त्र्याण्णवचाच.

दार दक्षिणेला असेल तर मागच्या दारानं आत घ्या.

कागद विचारले की 'क्लिअर हाय' एवढंच म्हणायचं. गुंठेवारी, म्हणजे परवानगी न घेता पाडलेला प्लॉट कायदेशीर करून घेणं, झालेली नसेल तर 'होऊन जाती'. कायदा आला 2001 चा, पुढं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, म्हणजे अजून एकदा तारीख वाढेलच की! तोवर राहायला कोण नको म्हणतंय?

आता मुख्य गोष्ट, पाणी. लातुरात माणूस खोल्या नंतर मोजतो, आधी बोअर विचारतो. तुमचा बोअर कोरडा असेल तर घाबरू नका. रात्री टँकर बोलवून हौद भरून घ्या. हौदातच मोटार सोडा, तिचा पाइप फरशीखालून बोअरच्या तोंडापाशी काढा. सकाळी पार्टीला बरोबर बोअरजवळ उभं करा आणि बटण दाबा. दोन इंची धार! 'बघा सर, उन्हाळ्यात ही हालत हाय, पावसाळ्यात तर इचारूच नका.' धार दहा मिनिटांच्या वर चालू ठेवू नका. 'पाणी वाया कशाला घालवायचं' म्हणून बंद करा, म्हणजे तुम्ही संस्कारी पण दिसता.

मी त्या धारेखाली ओंजळ धरून पाणी प्यालो हो. मागून बायको हळूच म्हणाली, "अहो, बोअरच्या टोपणावर कोळ्याचं जाळं आहे." मी म्हटलं, "तू गप बस." त्याच संध्याकाळी इसार दिला, 51 हजार.

चार दिवसांनी न सांगता गेलो, कपाटाचं माप घ्यायला. गेटात टँकर मागं मागं येत होता, पाइप हौदात. आणि ओट्यावर दुसरंच जोडपं बसलेलं, पोह्याच्या बश्या हातात! माझा इसार मालकांच्या खिशात असताना घर दुसऱ्याला दाखवणं चालू. मालक हसून म्हणतात, "या की सर, च्या घेणार का?" मी काही बोललो नाही. बोअरचं टोपण काढलं, खडा टाकला आणि कान लावून उभा राहिलो. खडा खडखडत खाली गेला, गेला, गेला आणि शेवटी ठक्क. डुबुक नाही. ते जोडपं पोहे तसेच ठेवून उठलं.

मालकांचं म्हणणं, इसार परत मिळत नसतो, तसा 'नियम हाय'.

कसला नियम? अहो, बोअर कोरडा असणं हा गुन्हा आहे का? आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण. भेग लागली तर पाणी, नाहीतर शेजाऱ्याला दीडशे फुटांवर लागतं आणि तुमच्याकडं सहाशेला नुसती धूळ निघते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं या गावाला. पाण्यावरून मारामाऱ्या नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं. घागरी घेऊन रात्र रात्र रांगेत तुम्हीही उभे होता, मीही होतो. आणि त्याच गावात, त्याच माणसाला तुम्ही टँकरचं पाणी बोअरचं म्हणून पाजता? लाज नाही वाटत? सरळ सांगायचं होतं, 'सर, बोअर गेलाय, टँकर घ्यावा लागतो.' दोन लाख कमी करून मागितलं असतं आणि घेतलंही असतं, कारण आम्हाला काय टँकर नवा नाही. पोरगी तिथून चालत क्लासला गेली असती.

आता ते घर तुमचं तुम्हाला लखलाभ. बालाजीची तसबीर तेवढी खाली उतरवा, आणि माझे 51 हजार द्या.