‘सत्तरीनंतर एकच वेळ जेवा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

सत्तरीनंतर एकच वेळ जेवण, डाळ-दूध बंद, दुपारनंतर पाणी नको, वजन उतरलं तर चांगलंच. असा मेसेज सध्या लातूर-नांदेडकडं ग्रुपाग्रुपावर फिरायलाय. माझी आत्या ज्या वृद्धाश्रमात राहते तिथल्या व्यवस्थापकांनी तोच आम्हाला फोनवर वाचून दाखवला अन् म्हणाले, रात्रीचं जेवण बंद करायचा विचार आहे. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

दुपारी एकला जेवण आणि मग डायरेक्ट सकाळी आठला पोहे, म्हणजे मध्ये 19 तास पोटात काही नाही. ‘दुपारी पोटभर खाऊ घाला’ म्हणे! अहो, ऐंशीच्या माणसाला एका बैठकीत जास्त जातच नाही, भूक लवकर मिटते, दात नसतात, घास घोळवत बसावं लागतं, तोवर वाढणारी ताट उचलून नेते. अन् शुगरवाल्यांचं काय? ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि संध्याकाळी उपाशी, तर रात्रीतून साखर उतरून घाम फुटतो, माणूस बरळतं, बेशुद्ध पडतं. शेजारच्या कॉटवर पण ऐंशीचंच माणूस, हाक मारणार कोण?

आता डाळ-दूध. युरोपातल्या एस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची ज्येष्ठांसाठीची गाईडलाइन आहे, त्यात किलोमागं रोज साधारण 30 कॅलरी आणि कमीत कमी 1 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. आत्याचं वजन 45 किलो, म्हणजे 1350 कॅलरी आणि 45 ग्रॅम प्रोटीन. एका भाकरीत सहाएक ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत तेवढंच. एकवेळच्या भाकरी-वरणात तिसरा हिस्सा पण होत नाही, त्यातून वरणही काढलं तर राहिलं काय? पथ्यामुळं खाणं कमी होत असेल तर म्हाताऱ्यांना ते पथ्यच नको, हेही त्याच गाईडलाइनमध्ये आहे.

किडनीच्या आजारात प्रोटीन जपून खावं लागतं, हे मान्य करते. ज्यांची तपासून खराब निघालीय त्यांचं प्रोटीन डॉक्टर ठरवतील, पण एकाचं पथ्य सगळ्यांच्या ताटात कशाला? रात्री जड, तेलकट नको हेही ठीक. मग साडेसहा-सातला ज्वारीच्या कण्या अन् ताक द्या, मुगाची मऊ खिचडी तूप घालून द्या, दाणे चावत नसतील तर कूट घाला.

पाण्याबद्दल एवढंच की म्हातारपणी तहानच कळत नाही आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. बायकांना दिवसाला 1.6 लिटर, पुरुषांना 2 लिटर पेय लागतं, हार्ट-किडनीमुळं डॉक्टरांनी मोजून दिलं असेल तर वेगळं. रात्री उठावं लागतं म्हणून झोपायच्या आधी घोटभर कमी चालेल, पण दिवसभरात कोटा पुरा करा.

आणि वजन उतरणं ‘चांगलं’ तर अजिबात नाही. 50 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत अडीच किलो न ठरवता गेलं तर डॉक्टरला दाखवायचं असतं. नुसती चरबी जात नाही, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू जातात, मग बाथरूममध्ये पडणं, खुब्याचं हाड मोडणं, अंथरुणाला खिळणं आणि भरून न येणारे बेडसोअर.

व्यवस्थापकांना मी सांगितलंय, दर महिन्याला प्रत्येकाचं वजन वहीत लिहा आणि ती वही नातेवाइकांना दाखवा. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई मिळत नाही ही खरी अडचण असेल तर तसं सांगा, आम्ही घरटी वर्गणी काढून तिचा पगार देतो.