‘शेतात न उतरलेले शिक्षक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पालक’ यांस,

मुलांसाठी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी जीवशास्त्राची जी ऑनलाइन साधनं मी सुचवली होती, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांना संदर्भ राहावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो: “अशा याद्या करणारे शिक्षक स्वतः कधी शेतात उतरलेले नसतात. मुलांना बेडूक दाखवायचा तर ओढ्यावर न्या, हातात मोबाईल कशाला देता? शिवाय निम्मी साधनं इंग्रजीत, आणि नेटपॅक कोण भरणार? शहरातल्या हौशी आईबापांसाठी चाललेला हा उद्योग आहे.”

मतभेदाला माझी ना नाही. याआधीही इथे अनेकांनी मला खोडून काढलं आहे, पण त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि यादीतलं नेमकं काय पटलं नाही तेही लिहिलं. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, तो कुठे वाढला आणि कुठे शिकवत होता याची चौकशीही केली नाहीत आणि पहिल्याच वाक्यात निकाल देऊन मोकळे झालात. अशा सुरात बोलणाऱ्याला उत्तर देऊ नये असं घरच्यांचं मत पडलं. मला मात्र ते वाक्य तसंच सोडवत नाही.

माझं बालपण खटाव तालुक्यात, जिरायती रानात गेलं. घरची ज्वारी, घरचा हरभरा. ज्वारीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की पानं चिकट्यानं चमकायला लागतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. हरभऱ्यातली घाटेअळी वेचण्याचं काम आम्हा पोरांकडेच असायचं. त्या माव्यात काळी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी एक अळी फिरायची. आमच्या शिवारातल्या जाणत्या माणसांनाही ती पिकाची वैरीण वाटे आणि फवारणीत तीही मरून जाई. ती ढालकिड्याची अळी होती. ती मावा खाते, पीक नाही. पिढ्यान्‌पिढ्या रानात राबलेली माणसं रोज तिच्याकडे बघत होती, पण ती मोठी होऊन तो लाल, गोल, ठिपक्यांचा किडा बनते हे कुणी जोडून पाहिलं नव्हतं. अंडं, अळी, कोष आणि प्रौढ यांच्यामध्ये दिवस जातात, जागा बदलते, रूप तर पूर्णच बदलतं. नुसतं शेतात उभं राहून हा धागा हाती लागत नाही. कुणीतरी तो जोडून दाखवावा लागतो.

पुढे मी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. शाळेत येण्याआधी गुरांना वैरण घालून येणारी. त्यांना रान दाखवायची गरज नव्हती, ती रानातूनच येत होती. त्यांना हवं होतं ते रानाबद्दल विचारता येईल असं कुणीतरी. ढालकिड्याचं जीवनचक्र दाखवणारी एक छोटी चित्रफीत मी वर्गात लावली. अंड्यातून बाहेर येणारी अळी, तिचं कात टाकणं, कोषातून बाहेर पडलेला फिकट पिवळा किडा आणि त्याच्या पंखांवर हळूहळू उमटणारे ठिपके. दुसऱ्या दिवशी मुलं काड्यापेट्यांतून अळ्या घेऊन आली. एका मुलीनं कढीपत्त्याचा अख्खा फाटा आणला होता. पानावर पक्ष्याची विष्ठा वाटावी असं काहीतरी होतं आणि तिनं डिवचल्यावर त्याच्या डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं, उग्र वास सुटला. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती ती. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठेपणी हिरवा रंग. तो कढीपत्ता त्या मुलीच्या परसात कधीपासून होता आणि अळ्याही दर पावसाळ्यात येत असणार. पण तिची नजर तिकडे वळली ती पडदा पाहिल्यानंतर.

अमीबाचंही तसंच. आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि किल्ली कार्यालयात. तपासणी आली की तो बाहेर निघे. मुलं पुस्तकातला अमीबा वहीत उतरवायची, छद्मपाद, केंद्रक, रिक्तिका अशी नावं बाण काढून लिहायची आणि पैकीच्या पैकी गुण मिळवायची. अमीबा हलतो, त्याच्या आतला द्रव वाहतो आणि भक्ष्याला तो चहूबाजूंनी वेढून आत घेतो, हे त्या स्थिर चित्रात कुठे दिसणार? हलणारा अमीबा मुलांनी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या लॅपटॉपवर. त्यानंतर डबक्याचं पाणी आणि भिजवलेल्या गवताचं पाणी वर्गात आलं, आणि सूक्ष्मदर्शकाची किल्ली मला रोज मागावी लागली. मुलांनीच मागायला लावली.

तो सूक्ष्मदर्शकही आता एवढा दुर्मीळ राहिलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप केला. तो साधारण 140 पट मोठं दाखवतो आणि खिशात मावतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, पानाच्या सालीतली पर्णरंध्रं त्यातून दिसतात. त्यातून काय पाहिलं ते जगभरातली मुलं आणि मोठी माणसं एकमेकांना ऑनलाइन दाखवतात. तुम्ही म्हणता तो मोबाईल फोल्डस्कोपला लावला की तेच चित्र सगळ्या वर्गाला दाखवता येतं. हे सगळं माझ्या लेखात होतं.

आता बेडूक. ओढ्यावर न्या म्हणता. जरूर न्यावं, मी नेलं आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आपल्याकडच्या मोठ्या बेडकांतले नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात. ते रूप थोडेच दिवस टिकतं. मुलं पळत येऊन विचारतात, सर, हा विषारी आहे का? त्या प्रश्नाचं उत्तर ओढ्यापाशी नसतं. आणि बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, हे तुम्ही ओढ्यावर कसं दाखवणार? मी बी.एस्सी.ला असताना आम्ही जिवंत बेडूक बेशुद्ध करून, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून कापत होतो. ते धडधडणारं हृदय मी विसरलेलो नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014 मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं, हे योग्यच झालं. त्यानंतर ते हृदय दाखवायला चलतचित्र हा सर्वांत सरळ मार्ग उरतो. त्या पडद्याला तुम्ही नावं ठेवता, पण त्यामुळे किती बेडूक वाचले याचा विचार केलात का?

तुम्ही यादी वाचली असेल असं धरून चालतो, पण तसं वाटत नाही. यादीत सर्वांत वर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदींचा उपक्रम होता. त्यात मुलानं आपल्या जवळचं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडापाशी जाऊन कोवळी पानं, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं यांची नोंद करायची. हे काम घरात बसून होतच नाही. केरळमधल्या शाळांनी त्यात फार मोठा वाटा उचलला आहे. आपल्याकडे आंब्याचा मोहोर, पळसाची फुलं, बहाव्याचे घोस यांची अशी नोंद किती शाळा करतात? आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकायला आधी किडा, पान, पक्षी बाहेर जाऊन शोधावा लागतो. महाराष्ट्रानं 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, ते आपल्या गावात दिसतं का याचं उत्तर मुलांना तिथल्या नोंदींतून स्वतः काढता येतं. आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचं ‘आस्क अ बायॉलॉजिस्ट’ 1997 पासून चालू आहे. तिथे मुलांच्या प्रश्नांना शास्त्रज्ञ उत्तरं देतात. माझ्या विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रश्न माझ्यापाशी येऊन अडले आहेत. ते पुढे विचारायला जागा आहे, याचं तुम्हाला वाईट का वाटावं?

इंग्रजीचा तुमचा मुद्दा जुना आहे आणि त्यावर मी पूर्वी लिहिलं आहे. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तकं फुकट आहेत, मुलांना पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या अर्ली बर्ड या उपक्रमाची चित्रफलकं मराठीत उतरवून घेता येतात, बालभारतीची पुस्तकं आणि मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहेत. ज्याला वाचायचं आहे त्याला एवढं पुरे. कोणतं साधन कोणत्या भाषेत आहे ते मात्र यादीत प्रत्येकापुढे लिहिलं नव्हतं. तेवढं तुमचं म्हणणं बरोबर. नेटपॅकचं म्हणाल तर एका शिक्षकानं एकदा उतरवून घेतलेली फाइल वर्गभर पुरते. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं मला काही दिसत नाही.

‘शहरातले हौशी आईबाप’ हे तुम्ही कुणाला म्हणालात, तेही सांगा. या लेखावर मला लिहिणाऱ्यांत माण-खटावचे जिल्हा परिषद शिक्षक आहेत, दोन इयत्तांचा वर्ग एकटीनं सांभाळणाऱ्या बाई आहेत, आणि मुलगी विचारते ते मला येत नाही म्हणून रात्री आधी स्वतः वाचणारी एक आई आहे. त्यांच्या धडपडीला उद्योग म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुम्ही स्वतःला पालक म्हणवता, पण आपल्या मुलाला ओढ्यावर कधी नेलंत आणि त्यानं तिथे काय विचारलं, याचं एक अक्षर तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ते लिहिलं असतंत तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं आणि मीही ते आनंदानं वाचलं असतं.

भाषेचा रकाना आज रात्रीपर्यंत यादीत घालतो. सीझनवॉच वरच राहील. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव लिहा, आणि तुमच्या घराजवळ कोणतं झाड आहे तेही.