वॉटसनसाहेब फेब्रुवारीत आले होते

मे महिन्यात कोकणात जाणारे लोक एकमेकांनाच पाहून परत येतात, असे माझे जुने मत असल्यामुळे मी विजयदुर्गसाठी जुलैमधला शनिवार-रविवार निवडला. खोलीचे भाडे निम्मे होते आणि निम्म्या भाड्यात अख्खा किल्ला पदरात पडणार, असा माझा हिशेब होता. तळेऱ्याहून सुटलेल्या एसटीत शेवटी मी, वाहक आणि खिडकीतून आत येणारा पाऊस एवढेच उरलो. त्यांपैकी तिकीट फक्त मी काढले होते.

घरमालकीणबाईंनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले, मग माझ्यामागच्या आभाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अशा पावसात कित्याक इलात? किल्लो काय पळान जातलो?" त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. सुरमईची चौकशी केली, तेव्हा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ही लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी मला लहान मुलाला सांगावी तशी सांगितली. ताटात कुळथाची पिठी, भात आणि सुकटाची चटणी आली. ती चटणी इतकी उत्तम होती की संपूर्ण सहलीत तक्रारीला जागा न ठेवणारी तेवढी एकच वस्तू ठरली.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून उभ्या असलेल्या, पूर्वी घेरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या किल्ल्याला शिवाजी महाराजांनी तिहेरी तटबंदीने बळकट केले. तीन बाजूंना पाणी असून चौथ्या बाजूला खंदक होता, जो पुढे बुजवून तेथे रस्ता करण्यात आला. त्याच रस्त्याने मी निघालो, तेव्हा खंदक आपल्या मूळ जागेवरचा हक्क सांगण्यासाठी घोट्यापर्यंत परतला होता. मुख्य दरवाजा शत्रूला समोरून दिसू नये अशा बेताने वळणात बांधला आहे. छत्री उलटी होऊन तोंडावर आल्यामुळे मला तो वळणानंतरही दिसला नाही. पायऱ्यांवर मखमलीसारखे शेवाळ पसरले होते. मी त्या बसून चढलो, आणि उतरताना बसण्याचा निर्णय माझ्या हाती राहिला नाही.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह, पेशव्यांशी संधान बांधून, तुळाजी आंग्र्यांवर येथे चालून आले. तोफगोळ्याने रेस्टोरेशन नावाच्या जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. शाळेत हे वाचताना मला हळहळ वाटत असे. आता तटावर निथळत उभा असताना वाटले, की साहेब जुलैत आले असते, तर जहाज राहो, त्यांना साधी विडीसुद्धा पेटवता आली नसती. पण इंग्रज हंगाम पाहून आले, हे मान्य केले पाहिजे.

अर्थात सगळेच साहेब इतके व्यवहारी नसावेत. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि त्यांचा संबंध १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडतात. त्या ग्रहणाच्या निरीक्षणांतून सूर्यप्रकाशातील जी पिवळी रेषा चर्चेत आली, तिच्यातूनच पुढे हेलियमची ओळख पटली. त्या संशोधनाचे श्रेय कोणत्या गावाचे, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. ऑगस्ट महिन्यात, कोकणात, सूर्य पाहायला येणारा माणूस मला मात्र सख्ख्या भावासारखा वाटला, आणि मी त्या ओट्यांना भिजल्या हातांनी नमस्कार केला.

रविवारी सकाळी शनिवारचा टॉवेल शनिवारपेक्षा ओला होता. रात्रभर वीज नसल्यामुळे फोनही जेमतेम जिवंत होता. त्यावर मी निघता निघता तटावरून दिसणाऱ्या समुद्राचे एकच छायाचित्र घेतले. सोमवारी कचेरीत ते सर्वांना अभिमानाने दाखवले. वरची अथांग राखाडी म्हणजे आभाळ आणि खालची अथांग राखाडी म्हणजे समुद्र, असे समजावून सांगत मी तिसऱ्या टेबलापर्यंत पोहोचलो, तेव्हा मूळच्या देवगडच्या सहकाऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे सुलटा धरला.