पिशवीतलं पाणी कुठे जातं?

परक्या माशांवरचा महाराष्ट्रातला वाद दोन नावांभोवती फिरतो. आफ्रिकन मांगूर बंदी असूनही आडबाजूच्या तळ्यांत वाढवला जातो, आणि चिलापीने (तिलापिया) उजनी धरण व्यापलं. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण प्रश्न एवढाच विचारला जातो की मासा देशी की विदेशी, आणि तो आपले मासे खातो का. त्याच्या अंगावर काय आलं, हे कुणी विचारत नाही. नॉर्वेने त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पन्नास वर्षं मोजली आहे.

नॉर्वेच्या नद्यांतल्या सॅमन माशांवर आलेला परजीवी म्हणजे जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागच्या टोकाला दोन मोठे आकडे आणि कडेने सोळा बारीक आकड्या, त्यांनी तो कातडीला धरून बसतो. अंडी घालत नाही, पिल्लू जन्माला घालतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच तयार असतं. एकाचे हजारो व्हायला जोडीदार लागत नाही. लहान सॅमनची कातडी खरवडली जाते, जखमांतून बुरशी शिरते, मासा मरतो.

१९७५ साली तो सुन्दाल्सोरा इथल्या मत्स्यबीज केंद्रात सापडला. आला होता स्वीडनच्या बाल्टिक बाजूच्या सॅमनबरोबर. तोही सॅमनच, जातही तीच! बाल्टिकच्या माशांना त्याची सवय होती, अटलांटिक बाजूच्यांना नव्हती. पुढे केंद्रांतलं बीज नद्यांत सोडलं गेलं, आणि खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यातून मासेच तो शेजारच्या नदीत नेऊ लागले. ५०हून अधिक नद्या बाधित झाल्या.

उपाय ऐकवत नाही. परजीवी माशाशिवाय फार दिवस जगत नाही, म्हणून नदीतले सगळे मासेच रोटेनोन या विषारी औषधाने मारायचे आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा मारायचे. मूळ वाण आधी जनुकपेढीत जपून ठेवायचं. मुख्य प्रवाहात औषध सोडणं त्यातल्या त्यात सोपं. फसतं ते काठच्या झऱ्यांत. जमिनीतून स्वच्छ पाणी पाझरतं तिथे दोन-चार पिल्लं तग धरतात. म्हणून प्रत्येक ओहोळ आणि डबकं नकाशावर घेऊन हाताने औषध घालावं लागतं. लॅर्दाल नदी १९९६ला बाधित झाली. १९९७चा रोटेनोनचा प्रयत्न फसला, नंतर अ‍ॅल्युमिनियमचे प्रयोग झाले, आणि मुक्त जाहीर व्हायला २०१७ उजाडलं.

म्हणूनच देशी-विदेशी ही विभागणी अपुरी वाटते. रोहू, कटला, मृगळ आपण देशी म्हणतो, पण ते मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. कृष्णा-भीमेला तेही पाहुणेच. बंगालहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत येणारं बीज नदीचं खोरं ओलांडून येतं, हेच महत्त्वाचं.

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवणं बरोबर आहे. तिच्यातलं पाणी धरणात ओतणं चूक. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) जाळीने उचलावी, आणि ते पाणी काठापासून लांब कोरड्या जमिनीवर ओतून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी. मग १०० लिटर पाण्यात २ ते ३ किलो मीठ, हवा चालू, त्यात बोटुकली दोन-तीन मिनिटं. मासा कलंडला की लगेच बाहेर. मिठाने कातडीवरचे बरेचसे जंत गळतात. पण कल्ल्यांवरच्या काही जंतांची अंडी वाचतात, आतड्यातल्या पट्टकृमीला धक्का लागत नाही, आणि मासळीच्या उवांसाठी मिठावर विसंबता येत नाही. त्यामुळे बीज तीन आठवडे वेगळ्या तळ्यात ठेवायचं. सुरुवातीला आणि शेवटी दहा-बारा बोटुकल्यांच्या अंगावरचा चिकट द्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कल्ल्याचा तुकडाही. जाळी एका धरणातून दुसऱ्यात नेताना उन्हात कडकडीत वाळवायची.

पावसाळ्यात बीज सोडायची घाई असते, तीन आठवडे कुणाला परवडत नाहीत, हे मान्य. निदान बीजाच्या पावतीवर संख्या, आकार आणि दर यांच्या जोडीला दोन रकाने वाढवा: बीज कुठल्या केंद्राच्या कुठल्या तळ्यातलं, आणि द्राव कधी तपासला.